उसाच्या डोळ्यांनी पाहिलेला संत्रा

दवाखान्यात कुणी भरती असलं की आपल्याकडे मोसंबीचा रस जातो. घरी काढायचा, थर्मासमध्ये भरायचा आणि बस-रिक्षा करत खाटेपर्यंत न्यायचा. पेशंट एक घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. "कडू लागतंय." घरचे म्हणतात, औषधांनी तोंडाची चव गेली असेल. बहुतेक वेळा तोंडाचा काही दोष नसतो, रस खरोखरच कडू झालेला असतो. ज्यूसच्या गाडीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पार्सल द्यायला कुरकुरतो, आणि दिलंच तर 'लगेच पिऊन टाका' असं बजावतो.

विदर्भाच्या संत्र्याचं निम्मं दुखणं त्या थर्मासात आहे.

फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात, मधल्या दोऱ्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं. फळ अखंड आहे तोवर त्याला चव नसते. फळ पिळलं, पेशी फुटल्या, ते द्रव्य आंबट रसात उतरलं की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडूजहर. दहा लाख भाग रसात सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. रस तापवला तर हा बदल आणखी लवकर होतो, आणि रस टिकवायचा तर तापवावा लागतोच. कॅलिफोर्नियातल्या नेव्हल संत्र्याला ही खोड आहे, पंजाबच्या किन्नूला आहे, मोसंबीला आहे आणि आपल्या नागपुरी संत्र्यालाही आहे. झाडाखाली उभं राहून सोलून खाल्लेला संत्रा आणि त्याच संत्र्याचा महिनाभर बाटलीत राहिलेला रस, हे दोन वेगळे पदार्थ असतात.

आता वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, चांदूर बाजार या पट्ट्यातली कुठलीही निवडणूक आठवा. 'संत्रा प्रक्रिया प्रकल्प' या तीन शब्दांशिवाय ती पार पडलेली नाही. सत्ताधारी प्रकल्प आणल्याचं सांगतात, विरोधक तो कुठे आहे असं विचारतात. प्रकल्प कसला, त्यात कोणतं यंत्र बसणार, ते यंत्र कोणत्या फळासाठी घडवलेलं आहे, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. प्रक्रिया म्हणजे रस आणि रस म्हणजे कारखाना, एवढं गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीतक आपल्या मनात आलं कुठून? माझ्या मते उसातून. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन पिढ्यांत पश्चिम महाराष्ट्राचा कायापालट आपण पाहिला. शाळा, कॉलेजं, दूधसंघ, आमदारक्या, सगळं कारखान्याच्या धुराड्याभोवती. विदर्भानं ते लांबून पाहिलं आणि मनाशी हिशेब मांडला: पिकाला कारखाना मिळाला की भाव मिळतो. उसाच्या बाबतीत तो बरोबरच आहे. रसवंतीचं चरक आणि गुऱ्हाळ सोडलं तर ऊस गाळपाशिवाय दुसरीकडे जातो कुठे? तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळला नाही तर उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरतो. गाळल्यावर जी साखर येते ती वर्षभर पोत्यात राहते. कारखाना नसेल तर उसाला किंमतच नाही.

संत्र्याचं याच्या अगदी उलट आहे. त्याची सगळ्यात जास्त किंमत तो अखंड असताना असते. पिळला की ती उतरते. ज्यूस कारखान्यानं हातगाडीवरच्या भावापेक्षा जास्त भावानं चांगलं फळ घेतलं, असं सहसा घडत नाही. कारखाना ढीग घेतो, टनावर घेतो आणि स्वस्तात घेतो. त्यावरच त्याचा जमाखर्च जुळतो. म्हणजे संत्र्याच्या कारखान्याकडून आपण उसाच्या कारखान्याचं काम मागत आलो आहोत.

"मग फ्लोरिडात, ब्राझीलमध्ये कसं चालतं?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण तिथली यंत्रं पाहिल्याशिवाय आपली अडचण नीट दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्लोरिडातले संशोधक संत्र्याचा रस आटवून टिकवायच्या मागे लागले होते. आटवलेला रस उकडल्यासारखा लागायचा. लुई मॅकडॉवेल, एडविन मूर आणि सेड्रिक अ‍ॅटकिन्स या तिघांनी साधी युक्ती शोधली. रस निर्वातात, कमी तापमानाला, पाहिजे त्याहून जास्त घट्ट करायचा आणि मग थोडा ताजा रस परत मिसळून खाली आणायचा. उडून गेलेला वास त्या ताज्या रसातून परत येतो. 1948 साली याचं पेटंट मिळालं आणि ते अमेरिकन सरकारच्या नावावर गेलं. सरकारी पैशानं झालेलं संशोधन कुणाही कारखानदाराला वापरता येईल अशी सोय झाली. त्याच दशकात रस काढायची नवी यंत्रं आली. वर-खाली दोन वाट्या, त्यांना बोटांसारखी पाती. फळ खालच्या वाटीत बसतं, वरची वाटी दाबत येते, पाती एकमेकांत अडकतात, खालून एक जाळीदार नळी फळात शिरते. गर आणि रस नळीतून जातो, साल बाहेर ढकलली जाते, सालीतलं तेल पाण्याच्या फवाऱ्यानं वेगळं धुऊन निघतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

हे यंत्र ज्या फळासाठी घडवलं ते गोल, टणक आणि साल गराला घट्ट चिकटलेलं असतं: व्हॅलेन्सिया, हॅमलिन. 1962 च्या डिसेंबरात फ्लोरिडात बागा गारठून गेल्या, जगात रसाची टंचाई झाली आणि ब्राझीलच्या साओ पावलो राज्यानं ती जागा भरून काढली. तिथला पेरा संत्राही त्याच घराण्यातला, घट्ट सालीचा. आज जगात जो संत्र्याचा रस देशोदेशी विकला जातो त्यातला सुमारे तीन चतुर्थांश ब्राझीलचा असतो. सांतोस बंदरातून तो टाक्यांच्या जहाजांनी निघतो, खनिज तेल निघावं तसा. तिथे कारखान्याला लागेल तसं फळ, त्या अंतरावर, त्या जातीचं लावलं गेलं. तिथला संत्रा हा खरोखरच त्यांचा ऊस आहे. फ्लोरिडात तर शेतकऱ्याला पैसेही रसातल्या विद्राव्य घटकांच्या वजनावर मिळतात, आपल्याकडे उताऱ्यावर एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरते तसे.

आपला नागपुरी संत्रा वेगळ्या घराण्यातला. साल सैल, आत हवा, फोडी सुट्या. लहान पोरानंही नखानं सोलावा असा. हाच त्याचा गुण आणि यंत्राच्या दृष्टीनं हाच दोष. सैल सालीचं फळ त्या वाटीत नीट बसत नाही. साल चुरगळते, सालीतलं तेल आणि पापुद्र्यातला कडवटपणा रसात उतरतो, आणि रसही कमी पडतो. थोडा हिशेब करून पाहू. नागपुरी संत्र्याचा 40 टक्के रस धरला आणि त्याची गोडी साडेदहा ब्रिक्स (म्हणजे शंभर भाग रसात साडेदहा भाग विरघळलेली साखर) धरली, तर 65 ब्रिक्सचं एक टन कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस, करायला साधारण साडेपंधरा टन फळ लागेल. ब्राझीलमध्ये तेवढ्याच कॉन्सन्ट्रेटला 10 ते 12 टन पुरतं. म्हणजे सांतोसहून येणाऱ्या पिंपाशी बरोबरी करायची तर आपल्या शेतकऱ्याला टनाचा भाव ब्राझीलपेक्षा बराच कमी द्यावा लागेल. कोणता पुढारी व्यासपीठावरून हे सांगेल?

त्यात आणखी एक मेख आहे. कारखान्याच्या वाट्याला चांगलं फळ येत नाही, चुरी येते. चुरी हा आपल्याकडचा शब्द बाहेरच्यांना सांगायला हवा: प्रतवारीत खाली पडलेलं, लहान, डागी, कधी अर्धकच्चं फळ. लहान फळात गराच्या मानानं साल-पापुद्रा जास्त. शिवाय संत्रा झाडावर पूर्ण पिकतो तेव्हा त्यातलं कडू होऊ शकणारं द्रव्य झाड स्वतःच बेचव रूपात बदलून टाकत असतं. अर्धकच्च्या फळात हे काम अपुरं राहिलेलं असतं. म्हणजे ज्या फळाचा रस सगळ्यात कडू व्हायचा तेच नेमकं कारखान्याच्या फाटकात येऊन उभं राहतं.

कडवटपणा काढता येतो. रस प्लास्टिकच्या बारीक सच्छिद्र मण्यांच्या थरातून, म्हणजे रेझिनमधून जाऊ द्यायचा. लिमोनिन मण्यांना चिकटतं, रस पुढे जातो. मणी मधूनमधून धुऊन परत वापरायचे. हे तंत्र प्रयोगशाळेतलं राहिलेलं नाही, कारखान्यांत चालतं. पण त्याला पैसे लागतात, गर आधी नीट गाळून घ्यावा लागतो आणि माणसं शिकलेली लागतात. 'प्रक्रिया प्रकल्प'च्या जाहिरातीत धुराडं दिसतं, रेझिनची टाकी दिसत नाही. नागपुरात 1985 पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. बिनबियांच्या संत्र्याच्या निवडी तिनं पुढे आणल्या आहेत, आणि बिया कमी म्हणजे कडवटपणाचं एक घरही कमी. सरकारला रसावर पैसा खर्च करायचाच असेल तर माझ्या मते तो इथे करावा. चुरीच्या रसाचा कडवटपणा तालुक्याच्या पातळीवर, परवडेल अशा खर्चात कसा काढायचा, हे शोधायला लावावं आणि जे सापडेल ते फ्लोरिडानं केलं तसं सगळ्यांना खुलं करावं.

पण रस हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पेटीचा.

जानेवारीत नागपुरातल्या कुठल्याही चौकातली फळांची गाडी पाहा. वर चकचकीत, एकसारखी, नारिंगी फळं रचलेली असतात. तो पंजाबचा किन्नू असतो. धुतलेला, मेणाचा हात फिरवलेला, आकारानुसार निवडलेला. बाजूला आपला संत्रा असला तर तो टोपलीत, लहान-मोठा एकत्र, काही हिरवट, काही दबलेला. चवीत किन्नूनं आपल्या संत्र्याच्या पंक्तीला बसू नये असं मला वाटतं (हा वऱ्हाडी अभिमान समजा), पण गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी खातं. संत्रानगरीत पंजाबचं फळ चढ्या भावानं खपतं, कारण त्याच्यामागे यंत्रांची एक रांग उभी आहे. ती रांग काही अग्निबाण बनवण्याइतकी अवघड नाही. क्लोरीनच्या पाण्यानं धुणं, गार वाऱ्यानं सुकवणं, कार्नोबा किंवा लाखेच्या मेणाचा अगदी पातळ थर, आकारानुसार वेगळं करणारे रोलर, आणि हवा जाईल अशी भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका.

आपल्याकडे याच्या आधीच गडबड सुरू होते, तोडणीलाच. संत्रा ओढून तोडला की देठाजवळची साल फाटते, आणि बुरशीला याहून सोपं दार कुठलं? कात्रीनं, देठाचं बोंड ठेवून कापावा लागतो. मजूर पहाटे बागेत येतात, ऊन चढायच्या आत काम उरकायला. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच. पण दंव असताना साल पाण्यानं तट्ट फुगलेली असते. बोटांचा दाब पडला की सालीतल्या तेलाच्या गाठी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग उमटतो. शेतकरी समजतो रोग पडला. मग फळं ढिगात, ढीग ट्रकात, ट्रक खुला. खालच्या थरावर वरच्या चार-पाच फुटांचा भार. सैल सालीच्या फळाला यापेक्षा वाईट वाहन शोधूनही सापडणार नाही. नागपूरच्या कळमना बाजारात ट्रक रिकामा होतो तेव्हा तळाशी जे निघतं तेही चुरीतच जातं. ही चुरी झाडानं दिलेली नसते, वाटेत तयार झालेली असते.

आणि मग आपण म्हणतो, एवढी चुरी आहे, कारखाना हवा!

शीतगृहाचंही तसंच. नागपुरी संत्रा 6 ते 7 अंश तापमानाला, 90 ते 95 टक्के आर्द्रतेत, आधी धुऊन-मेण लावून ठेवला तर दीड महिन्यापर्यंत राहतो. बाहेर आठवडाभरात सुकायला लागतो. दीड महिना म्हणजे दिवाळीतल्या मंदीतून फळ काढून नाताळात विकता येणं. पण आपल्याकडची बरीचशी शीतगृहं मिरचीसारख्या कोरड्या मालासाठी बांधलेली. हवा कोरडी ठेवणं हेच त्यांचं काम. त्यात संत्रा ठेवला तर तो सुरकुततो आणि तापमान आणखी खाली नेलं तर सालीवर खड्डे पडतात. 'शीतगृहात ठेवून पाहिलं, नाही टिकत' असं सांगणारे शेतकरी खोटं बोलत नाहीत. त्यांनी चुकीच्या खोलीत ठेवलेलं असतं.

बांगलादेशाचा विषय इथेच येतो. वर्षानुवर्षं आपला बराच संत्रा तिकडे गेला. ते गिऱ्हाईक कमी निवडलेलंही फळ घेत होतं, म्हणून आपल्याला प्रतवारीची गरजच भासली नाही. 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास असलेला तिथला आयात कर 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेला, आणि निर्यात आटली. ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूरहून दिल्लीला किसान रेल्वे निघाली, तिचं कौतुक झालं. पण डब्यात काय भरायचं आणि कसं, या प्रश्नाला रेल्वे उत्तर देऊ शकत नव्हती. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन कुठल्या खोक्यावर छापायचं? खोकाच नसेल तर नाव ठेवायला जागा कुठे आहे? ढिगाला गाव नसतं.

यावर एक जोरदार हरकत आहे आणि ती मी टाळणार नाही. "पॅकहाउस, म्हणजे फळ धुऊन, निवडून खोक्यात भरायची केंद्रं, बांधलीच होती की. चालली का?" पणन मंडळानं कारंजा घाडगे इथे प्रतवारी आणि मेण-लेपनाचं केंद्र उभारलं. 'सिट्रस इस्टेट'ची (बागायतदाराला रोपं, सल्ला, यंत्रं एका जागी देणाऱ्या केंद्राची) कल्पना पंजाबवरून घेऊन काटोल, मोर्शी, आष्टी तालुक्यांसाठी मंजूर झाली. यंत्रं आली म्हणून पट्ट्याचं चित्र पालटलं असं कुणी म्हणणार नाही. हंगाम तीन-चार महिन्यांचा, विजेचा स्थिर आकार बारा महिने. हे सगळं खरं. पण मूळ कारण यंत्रात नाही, सौद्यात आहे असं मला दिसतं.

आपल्याकडे संत्रा झाडावर विकला जातो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाची, फळं हिरवी असतानाच व्यापारी बगीच्यात येतो, झाडं मोजतो, दोन-चार फांद्या हलवून अंदाज घेतो आणि अख्ख्या बागेचा उक्ता आकडा सांगतो. इसार हातावर ठेवतो. त्या क्षणापासून ते फळ शेतकऱ्याचं राहत नाही. गळ झाली, गारपीट झाली, भाव पडला तर व्यापाऱ्याचं नशीब, निदान कागदावर तरी. (प्रत्यक्षात भाव पडला की व्यापारी इसार सोडून पसार होतो किंवा 'थोडं समजून घ्या' म्हणतो, हे बागायतदारांना मी सांगायला नको.) तोडणी व्यापाऱ्याची, मजूर त्याचे, ट्रक त्याचा. कात्री वापरली काय, ओढून तोडलं काय, शेतकऱ्याच्या खिशात त्यानं फरक पडत नाही. मग पॅकहाउसच्या दारात शेतकरी काय घेऊन येणार? तिथे आणायला त्याच्याकडे फळच उरलेलं नसतं. व्यापारी आणू शकतो, पण त्याचा नफा झटपट उलाढालीत असतो, खोक्यात नाही.

शेतकरी झाडावर का विकतो? आळशी आहे म्हणून नव्हे. ऑगस्टमध्ये फवारणीची उधारी असते, पोरांची फी असते, आणि डिंक्या रोगानं किंवा फळगळीनं बाग हातची जाण्याची धास्ती असते. व्यापारी त्याला त्या वेळी रोकड देतो आणि जोखीम उचलतो. तो खरं तर विमा कंपनी आणि बँक यांचं काम करतो, आणि त्याची किंमत वसूल करतो. सरकारी पॅकहाउस नोव्हेंबरमध्ये फळ मागतं. व्यापारी ऑगस्टमध्ये पैसे देतो. या शर्यतीत कोण जिंकणार हे सांगायला कृषी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

दुसरी हरकत बंपर बहाराची. एखाद्या वर्षी फळ इतकं लागतं की तोडणीचा खर्चही निघत नाही आणि रस्त्याच्या कडेला ढीग फेकले जातात. त्या वर्षी खोका काय करणार? मान्य. अशा वर्षासाठी रिचवणारी काहीतरी सोय हवीच. फक्त ती कॉन्सन्ट्रेटचीच असली पाहिजे असं नाही. अन्न नियमांनुसार स्क्वॅशमध्ये 25 टक्के आणि प्यायला तयार फळपेयात 10 टक्के रस पुरतो. इतक्या पातळ प्रमाणात, साखरेच्या सोबतीनं, थोडा कडवटपणा झाकला जातो. सालीत तेल असतं, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन नव्हे, लिमोनीन (नावात फसू नका, हे सुवासिक, ते कडू). अत्तरापासून साफसफाईच्या द्रवापर्यंत त्याला मागणी आहे. चीन, जपान आणि स्पेननं सैल सालीच्या संत्र्यांच्या फोडी सौम्य आम्ल-अल्कलीत पापुद्रा काढून डब्यात भरायचा धंदा उभारला. सोलायला सोपं, फोडी सुट्या, हे आपल्या फळाचे गुण तिथे कामी येतात. बिया मात्र आड येतात, म्हणून बिनबियांच्या जातींचं काम महत्त्वाचं. नागपूरच्या मिठाईवाल्यांनी संत्रा बर्फी करून दाखवलीच आहे. हसण्यावारी नेऊ नका. या फळाचा स्वभाव ओळखून केलेला आणि गावोगाव खपलेला तो प्रक्रिया उद्योगच आहे.

इथे सरकारच्या दोन हातांची गंमत सांगण्यासारखी आहे. 24 सप्टेंबर 2014 ला तुमकूरच्या फूड पार्कमध्ये पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना आवाहन केलं होतं की पेयात पाच टक्के तरी फळांचा रस घाला, शेतकऱ्याला फायदा होईल. पुढे फळांचा रस घातलेल्या फसफसत्या पेयांवर ऑक्टोबर 2021 पासून 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के उपकर लागू झाला. सप्टेंबर 2025 च्या फेरबदलात साधी फळपेयं 5 टक्क्यांवर आली, ते चांगलं झालं, पण फसफसतं पेय 40 टक्क्यांतच राहिलं. म्हणजे ज्यांना रस घाला म्हणून विनवलं त्यांनी तो घातला काय आणि न घातला काय, कर सारखाच.

नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या पतंजलीच्या मोठ्या प्रकल्पाबद्दलही बोलायला हवं. 2016 साली त्याचं भूमिपूजन झालं आणि 9 मार्च 2025 ला उद्घाटन. दिवसाला 800 टन लिंबूवर्गीय फळं पिळण्याची क्षमता जाहीर झाली आहे. तो चालावा, असंच मला वाटतं. चुरीला एक मोठं गिऱ्हाईक वाढलं तर वाईट काय? पण 800 टन रोज घेणारं यंत्र वर्षाचे निदान काही महिने पोटभर चालावं लागतं. आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास, आणि पाऊस लहरी झाल्यापासून मृग अनेकदा फुटतच नाही. भूक भागली नाही की असं यंत्र आवळा, कोरफड, मिळेल ते पिळायला लागतं. त्यात गैर काही नाही, मात्र त्याला संत्र्याचा तारणहार म्हणू नये. 'नोगा' हे नाव नागपूर संत्रा उत्पादकांच्या संघटनेवरून आलं. आज किराणा दुकानात त्या नावाकडे बोट दाखवा, दुकानदार टोमॅटो केचप काढून देईल.

आणि फळच राहिलं नाही तर? 2005 मध्ये फ्लोरिडात झाडं खंगवणारा ग्रीनिंग रोग सापडला. त्याआधी तिथे चांगल्या वर्षी 24 कोटी पेट्या संत्री निघत होती. 2024-25 च्या हंगामात ती सव्वा कोटीच्या आसपास आली. जगातली सगळ्यात हुशार रसयंत्रं तिथे होती.

म्हणून माझी मागणी फार साधी आहे, आणि भूमिपूजनाच्या दृष्टीनं अगदीच बेचव. प्रकल्पांवर जायचा सरकारी पैसा आधी गावपातळीवरच्या छोट्या पॅकहाउसच्या खेळत्या भांडवलात जावा. यंत्र बाजारात मिळतं, ते कर्जावरही येतं. न मिळणारी गोष्ट आहे ती पोळ्याच्या आगेमागे बागायतदाराच्या हातावर ठेवायची रोकड. शेतकरी उत्पादक कंपनीला ती रक्कम हंगामाआधी मिळाली, गारपिटीचा विमा सोबत जोडला आणि उरलेले पैसे प्रतवारीनुसार किलोवर देण्याचा करार झाला, तर फळ तोडणीपर्यंत शेतकऱ्याचं राहील. मग कात्री तोच मागेल. दंव वाळेपर्यंत मजुरांना चहा पाजत तोच थांबवून ठेवेल. एकाच बागेतल्या अ दर्जाच्या आणि चुरीच्या किलोमधला फरक पावतीवर दोन ओळींत समोरासमोर छापून आला की पुढच्या बहाराची छाटणीसुद्धा वेगळी होईल. आणि चुरी कारखान्याला द्यायची वेळ आली तर ढिगावर नको, उसासारखी उताऱ्यावर द्यावी. फाटकावर नमुना काढायचा, ब्रिक्स मोजायचा, टनाला रस किती तो पाहायचा आणि त्यानुसार पैसे. उसाकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

पोळा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. त्या आठवड्यात वरूडच्या रस्त्यांवर व्यापाऱ्यांच्या गाड्या दिसायला लागतात, मागच्या सीटवर पैशांची पिशवी. संत्री तेव्हा हिरवीच असतात. अनुदानाची फाईल त्या सुमारास मंत्रालयात कुठल्या टेबलावर असते, एवढंच एकदा कुणीतरी तपासून पाहावं.